५९ किलोंची होडी आणि तिची गाडी

पंजाबात गव्हाची पोती, पेंढा, म्हशी, लग्नाचं वऱ्हाड आणि लंगरची भांडी ही सगळी एकाच वाहनातून जातात. त्याला ट्रॉली म्हणतात. ट्रॅक्टरमागे एका पिनेवर अडकवलेली, लोखंडी चौकटीवर पत्रा ठोकलेली ही गाडी गावागावातल्या वर्कशॉपमध्ये तयार होते. होळीनंतर आनंदपूर साहिबला होला मोहल्ला भरतो, तेव्हा रस्त्यावर दुमजली ट्रॉल्या दिसतात. खाली गाद्या टाकून बायकामुलं, वर फळ्यांच्या माळ्यावर तरणी पोरं. पोलीस त्यांना मनाई करतात आणि ट्रॉल्या येतच राहतात.

नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमांवर शेतकरी बसले होते ते याच ट्रॉल्यांमध्ये. वर ताडपत्रीची कमान, खाली पेंढा, त्यावर गाद्या, मागे पडदा आणि बॅटरीवर दिवा. थंडी, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू माणसांनी त्यांत काढले. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बीडकडून कारखान्यांच्या दिशेने निघालेल्या ऊसतोड टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र नवं नाही. कोयता, चूल, कोंबड्या, पोरं, सगळा संसार ट्रॉलीत. तो हौसेचा मुक्काम नसतो, हे वेगळं सांगायला नको. पण चाकांवरचा मुक्काम कसा मांडायचा, याची अक्कल या देशात पुष्कळ आहे, आणि ती मुख्यतः वेल्डिंगच्या दुकानात आहे.

मग चंदीगडच्या एखाद्या हौशी माणसाला शिडाची छोटी होडी आणि दोन रात्रींचं मुक्कामाचं सामान एकाच गाडीत घालून डोंगरातल्या जलाशयावर जायचं असेल, तर ट्रेलर मिळायला अडचण काय? अडचण अशी की ट्रॉली बांधणाऱ्याचा हात टनांवर बसलेला असतो, आणि ही होडी भरते ५९ किलो.

मुळात चंदीगडला होडी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. शहर समुद्रापासून हजारावर किलोमीटर दूर. पण या शहराच्या आराखड्यात पाणी आहे. शिवालिकच्या टेकड्यांतून पावसाळ्यापुरता वाहणारा सुखना चो १९५८ साली मातीच्या धरणाने अडवला आणि सुखना तलाव झाला. मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचं हे काम. तलावात मोटरबोट नको आणि बंधाऱ्यावर वाहन नको, असा कॉर्बुझिएचा आग्रह होता. शहर आखणाऱ्या परदेशी वास्तुकारांपैकी त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे हा चंदीगडात सर्वांत जास्त काळ राहिला. त्याने या तलावासाठी पायडलची बोटही आखली होती. १९६७ मध्ये जिनिव्हात त्याचं निधन झालं आणि १९७० मध्ये त्याच्या अस्थी इथे आणून सुखनात विसर्जित करण्यात आल्या. १९८९ ची आशियाई रोइंग स्पर्धा याच पाण्यावर झाली. मार्च २०२० मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तलावाला ‘जिवंत व्यक्ती’चा दर्जा दिला. इतका मान असलेल्या तलावाला गाळाचं दुखणं मात्र जन्मापासूनचं आहे. पाऊस ओढ देतो त्या वर्षी तळ उघडा पडायला लागतो, आणि पाऊस जास्त झाला की पातळी ११६३ फुटांवर जाऊन दरवाजे उघडावे लागतात.

होडी चालवायला शिकण्यासाठी सुखना उत्तम आहे. शिकल्यावर मात्र तो लहान पडतो. वारा धरून एक लांब पल्ला मारावा म्हटलं तर दुसरा काठ लगेच समोर येतो. शिवाय हे शहराचं पाणी, त्याचे नियम आणि वेळा ठरलेल्या. तेव्हा नजर उत्तरेकडे जाते. भाक्रा धरणामागचा गोविंद सागर बिलासपूरपर्यंत पसरलेला आहे, आणि बियास नदीवरचा पोंग जलाशय त्याहून पलीकडे, कांगड्यात. दोन्ही ठिकाणी एका दिवसात जाऊन येण्यात अर्थ नाही, मुक्काम करावाच लागतो. त्यासाठी गाडी लागते.

आता होडीकडे. शिडाच्या छोट्या होड्यांत जगभर सर्वांत जास्त पसरलेल्यांपैकी एक म्हणजे लेझर, जिचं अधिकृत नाव २०१९ पासून आयएलसीए आहे. तिच्या जन्माची गोष्ट या लेखाच्या विषयाशी इतकी जुळते की ती टाळता येत नाही. १९६९ मध्ये मॉन्ट्रियलच्या इयन ब्रूसने ब्रूस कर्बी या संपादकाला आणि होडी-रचनाकाराला फोन केला. कॅनडाच्या हडसन्स बे कंपनीला कॅम्पिंगचं सामान विकायला काढायचं होतं. तंबू, स्टोव्ह वगैरेंच्या जोडीला मोटरच्या टपावर बसेल अशी एक होडीही हवी होती. कर्बीने फोनवर बोलता बोलताच रेघोट्या मारल्या. कंपनीने पुढे ती होडी घेतलीच नाही. शीड बनवणारा हान्स फॉग यालाही बरोबर घेऊन, नमुन्यात थोडे बदल करून, १९७१ मध्ये तिघांनी ती स्वतंत्रपणे बाजारात आणली. १९९६ मध्ये ती ऑलिंपिकला पोचली, आणि आजवर दोन लाखांहून जास्त होड्या तयार झाल्या आहेत. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये विष्णू सरवणनने कांस्य मिळवलं ते याच होडीवर. भोपाळच्या तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूरने रौप्य मिळवलं ते तिच्याच लहान शिडाच्या प्रकारात.

सांगायचं ते इतकंच की ऑलिंपिकची ही होडी मुळात सहलीच्या सामानाचा एक नग होती, आणि तो गुण तिच्या अंगात अजून आहे. लांबी ४.२३ मीटर, रुंदी १.३७ मीटरच्या आसपास, रिकामं वजन ५९ किलो. डोलकाठी दोन तुकड्यांची, एकात एक बसणारी, त्यामुळे कुठलाच भाग होडीच्या लांबीबाहेर जात नाही. जुन्या पद्धतीच्या दोनमाणशी होड्यांची डोलकाठी होडीपेक्षा लांब असते. ती ट्रेलरच्या मागे सळईसारखी डोकावते, आणि उत्तर भारतात रात्री सळ्यांच्या ट्रकमागून ज्याने गाडी चालवली आहे त्याला त्यातला धोका समजावून सांगावा लागत नाही. ट्रेलर करायचा तर लेझरसारख्या होडीसाठी करावा, या मताचा मी त्यामुळे आहे.

आपल्याकडे शिडाच्या होड्या बहुतेक सैन्याच्या, नौदलाच्या नाहीतर क्लबांच्या. खडकवासल्याला एनडीएच्या पाण्यावर त्या दिसतात, हैदराबादच्या हुसेन सागरावर दिसतात. स्पर्धेला जायचं तर संस्था व्यवस्था करते. खासगी मालक, त्याची एक होडी आणि त्याच्या मोटरमागे ट्रेलर, ही जोडी आपल्या रस्त्यांवर दुर्मीळ. म्हणून दुकानात तयार ट्रेलर शोधत बसण्यापेक्षा कागदावर आकडे मांडणं जास्त उपयोगाचं.

आकडे असे. होडी, डोलकाठी, शीड, सुकाणू मिळून ८० किलो धरू. होडी पाण्यात नेण्याची हातगाडी २० किलो. अंथरूण, स्टोव्ह, भांडी, दोर, हत्यारं मिळून ७०. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, ४० किलो. ट्रेलर स्वतः चौकट, पेटी, चाकं, स्टेपनी धरून २४० किलोंत बसवता येतो. एकूण ४५० किलो. जुन्या मारुती ८०० ला यायचा तो १४५/७० आर १२ मापाचा एक टायर ३२५ किलो पेलतो, दोन मिळून ६५०. म्हणजे भंगार बाजारात सहज मिळणारी बारा इंची चाकं पुरतात आणि वर दोनशे किलोंची सवड राहते. एका आसावर दोन चाकं, बस. दोन आसांचा ट्रेलर रुबाबदार दिसतो, पण या वजनाला तो नुसता खर्च आहे.

ट्रॉलीवाल्याशी पहिला खटका उडतो तो आसावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरून. तो प्रामाणिक माणूस असतो आणि त्याला गाडी मजबूत करून द्यायची असते. तो जाड पाट्यांची भरगच्च जुडी लावतो. पाच टन गव्हाखाली ती झुकते आणि खड्डे गिळते. ४५० किलोंखाली ती ढिम्म हलत नाही. मग खड्ड्याचा प्रत्येक दणका पाटा न खाता थेट वर पोचवतो. फायबरच्या पातळ कवचाची होडी प्रत्येक खड्ड्यात उडते आणि आपल्याच टेकूवर आपटते. शंभर किलोमीटरनंतर टेकूच्या जागी फायबरवर केसासारख्या भेगा दिसू लागतात. ट्रेलर जसाच्या तसा, होडी मात्र गेली. दर बाजूला साधारण २०० किलो येणार असतील, तर पाटे त्या वजनाला निम्मे तरी दबले पाहिजेत. पातळ पाटे तीन-चार, सोबत शॉकअब्सॉर्बर, आणि टायरमध्ये हवा मोटरच्या पुढच्या चाकांपेक्षा कमी. युरोपात याच कामासाठी आसाच्या नळीत रबराच्या दांड्या बसवलेले आस वापरतात. ते नीटनेटके असतात, पण बिलासपूरच्या अलीकडे तुटले तर तिथला मिस्त्री हात वर करील. पाटा तुटला तर तासाभरात नवा बसतो.

दुसरी गोष्ट तोलाची. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला ही शिकवावी लागत नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार झालं तर बैलांची मान दबते. ट्रेलरच्या दांड्याचंही तसंच. मोटरच्या टो-बॉलवर, म्हणजे मागे दांडा अडकवायच्या गोळ्यावर, एकूण वजनाचा सातेक टक्के भार पडावा. ४५० किलोंना तो ३० किलोंच्या आसपास येतो. कमी पडला, किंवा ट्रेलर उलारच झाला, तर उतारावर ऐंशीच्या वेगात त्याचं शेपूट डावी-उजवीकडे हलू लागतं. तो हेलकावा दर वेळी वाढत जातो आणि शेवटी मोटरलाही ओढून नेतो. ब्रेक दाबून तो थांबेलच असं नाही. वेग पायाने सोडून हळूहळू कमी करणं एवढंच हातात असतं.

या तोलात पाण्याचे कॅन फार महत्त्वाचे. टो-बॉलपासून आसापर्यंतचं अंतर ३.२ मीटर धरलं, तर ४० किलो पाणी आसाच्या अर्धा मीटर पुढून उचलून अर्धा मीटर मागे ठेवल्याने दांड्यावरचा भार जवळपास १२ किलोंनी घटतो. म्हणजे तीसचा अठरा. ‘कॅन मागे ठेव, हाताशी येतील’ या एका वाक्याने सगळा तोल बिघडतो. म्हणून पाण्याची जागा पेटीत ठरलेली हवी, आसाच्या किंचित पुढे, आणि त्या जागेत दुसरं काही मावता कामा नये. भार मोजायला न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. टो-बॉलच्या उंचीचा लाकडी ओंडका काट्यावर उभा करायचा, त्यावर दांडा टेकवायचा, ओंडक्याचं वजन वजा करायचं. निघण्याआधी, सामान भरल्यावर.

आता मुक्काम. या जातीच्या ट्रेलरच्या आराखड्यात एक चूक फार आढळते. होडी वर, सामानाची पेटी खाली, आणि पेटीचं झाकण उघडून त्यावर तंबू उभारायचा. कागदावर छान दिसतं. दुपारी बारा वाजता, कोरड्या हवेत, चार माणसं मदतीला असताना प्रत्यक्षातही छान होतं. पण चंदीगडहून शनिवारी कामं आटोपून निघालेला माणूस जलाशयावर पोचतो रात्री नऊला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडत असतो. आता झोपायचं तर आधी तंबू, तंबूसाठी झाकण, झाकणासाठी होडी उतरवायची, होडीसाठी हातगाडी, आणि हातगाडी होडीखाली बांधलेली. शेवटी नवराबायको मोटरच्या सीटवर बसून रात्र काढतात. पुढच्या सहलीला एकजण येत नाही.

म्हणून आराखड्याची कसोटी एकच ठेवावी. होडी जागची न हलवता, ओल्या अंधारात, दहा मिनिटांत दोन माणसं आडवी होऊ शकली पाहिजेत आणि चहा ठेवता आला पाहिजे.

त्यावरचं उत्तर जुनं आहे, आणि ते प्लायवूडच्या फळीच्या मापातून आलेलं आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर निघाले. आत फक्त झोपायचं, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर. दुसऱ्या महायुद्धानंतरही घरबसल्या ते बांधायचे नकाशे मासिकांत छापून येत होते. बहुतेकांची लांबी आठ फूट, रुंदी चार फूट, कारण प्लायवूडची फळी तेवढीच असते. याच सुमारास, १९४७ मध्ये, फ्लोरिडाच्या क्लियरवॉटरमध्ये क्लार्क मिल्सने मुलांसाठी ऑप्टिमिस्ट ही होडी आखली. तीही आठ फुटांच्या किंचित आतली, कारण तीही त्याच फळीतून कापायची होती. आज शिडाची होडी शिकणाऱ्या असंख्य मुलांच्या हातात शिडाचा दोर पहिल्यांदा येतो तो या होडीत.

फळी आपल्याकडेही २४४० गुणिले १२२० मिलिमीटरचीच. चंदीगडकराला ती लांबून आणावी लागत नाही. हरियाणातलं यमुनानगर हे देशातल्या प्लायवूडच्या मोठ्या केंद्रांपैकी एक, शंभरेक किलोमीटरवर. आसपासच्या शेतांत पॉपलर आणि निलगिरी लावतात ती या कारखान्यांसाठी. फक्त घेताना आयएस ७१० चा शिक्का पाहावा. तो मरीन प्लायवूडचा. फर्निचरचं प्लायवूड दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. तळाला १२ मिलिमीटर, भिंतींना ९, छताला ६. अशी आठ बाय चारची, ८० सेंटिमीटर उंचीची पेटी सत्तर-पंचाहत्तर किलोंत होते. सगळीकडे १८ मिलिमीटरचं लावा असं सुतार म्हणतो. त्याला नम्रपणे नाही म्हणावं.

या पेटीत माणूस मावतो का? चंदीगड ज्या मापपट्टीवर बांधलं गेलं, त्या कॉर्बुझिएच्या ‘मोड्युलॉर’मधला माणूस १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट उंच आहे. बाजारातली गादीही ७२ इंच, तीच १.८३. आठ फुटांतून सहा वजा केले की मागे दोन फूट उरतात, आणि स्टोव्ह, डबे, एक परात एवढं स्वयंपाकघर दोन फुटांत बसतं. रुंदीत मात्र फसगत होते. चार फुटांची पेटी बाहेरून चार फूट असते. भिंती वजा जाता ४८ इंची गादी आत शिरत नाही. फोम कापून ४६ इंचांचा घ्यावा. दोघांना ही रुंदी ऐसपैस नाही, रेल्वेच्या दोन बर्थ जोडल्या तर होईल एवढीच. ज्याने अख्खं शहर आखलं त्या कॉर्बुझिएने स्वतःच्या सुट्टीसाठी भूमध्य समुद्राकाठी बांधलेली लाकडी खोली ३.६६ मीटर चौरस आणि २.२६ मीटर उंच होती. आपली पेटी तिच्यापुढे पेटाराच. पण तिचं काम रात्रीपुरतं आहे.

दोन्ही बाजूंना छोटी दारं, म्हणजे एकाला दुसऱ्यावरून ओलांडून जावं लागत नाही. आत बसता येत नाही, आडवं होता येतं. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली की छताचं झाकण बिजागरीवर उचलायचं, बाजूंनी कॅनव्हास सोडायचं आणि मग आत बसून जेवताही येतं. म्हणजे होडी वर असताना झोपण्यापुरती जागा, होडी उतरल्यावर खोली. मागच्या बाजूला आणखी एक फायदा आपोआप होतो. होडी पेटीपेक्षा १.७९ मीटरने लांब आहे. ती पुढेमागे सारखी वाटून ठेवली तर मागे नव्वद सेंटिमीटर छप्पर मिळतं, थेट स्वयंपाकघरावर. पालथ्या होडीखाली स्टुलावर बसून पावसात चहा करता येतो. उभ्याने करायचा प्रयत्न करू नये, टेंगूळ येतं.

होडी पालथी का? पेटीचा माथा जमिनीपासून सव्वा मीटरवर येतो, त्यावर होडी पालथी ठेवली तर तिचा मजबूत काठ दोन आडव्या दांड्यांवर टेकतो. उताणी ठेवली तर नाजूक तळ टेकूंवर येतो, आणि उन्हाने तापलेलं फायबर टेकूच्या आकाराचा खळगा धरतं. दांड्यांना रबर किंवा जुना गालिचा गुंडाळावा. होडीचं बूच प्रवासात काढून ठेवावं, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर जाईल. पट्टे घट्ट असावेत, पण रॅचेटला जोर लावून होडीची कंबर आवळू नये. नाळेकडून एक दोर खाली दांड्याला बांधावा, कारण समोरच्या ट्रकचा वारा होडीचं नाक उचलतो. ५९ किलो दोघांनी सव्वा मीटरवर चढवणं जड नाही. मागच्या कडेला एक रूळ बसवला तर आधी नाळ टेकवून मग ढकलता येते. हातगाडी वेगळी, पेटीच्या बाजूला चाकं काढून टांगावी, नाहीतर वरचा भार वाढतो.

ही हातगाडी ऐच्छिक नाही. बरेच लोक ट्रेलरच पाण्यात उतरवतात. समुद्रावर तर ते आत्मघातकी आहेच, कारण खाऱ्या पाण्याने चौकट गंजते. गोड्या पाण्यात गंज हळू येतो, पण बेअरिंगचं नुकसान तितकंच. दोन तास धावून आलेला हब तापलेला असतो. तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधी होतं. परतीच्या घाटात बेअरिंग आवाज करू लागतं.

गोविंद सागरावर तर ट्रेलर पाण्यापर्यंत नेताच येत नाही. जलाशयाची पूर्ण पातळी १६८० फूट, आणि पावसाळ्यापूर्वी ती बहुतेक वर्षी शंभर फुटांच्या आसपास खाली गेलेली असते. जुन्या बिलासपूरची बुडालेली शिखरदार मंदिरं तेव्हा गाळातून वर येतात आणि त्यांच्याभोवती गुरं चरतात. उतार सौम्य असेल तिथे एवढी पातळी उतरल्यावर काठ शेकडो मीटर लांब जातो. मधे भेगाळलेला, वरून सुकलेला आणि खाली लिबलिबीत गाळ. त्यावर मोटर नेणाऱ्याला ट्रॅक्टर शोधावा लागतो. रुंद, कमी हवेच्या चाकांची हातगाडी मात्र दोन माणसं ओढत नेऊ शकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी वर आलेलं असतं, चालणं कमी आणि हवाही बरी. पोंगला निघण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्यावं की ते अभयारण्य आणि रामसर पाणथळ आहे. हिवाळ्यात तिथे पट्टकदंब हंस हजारोंनी उतरतात. काठावर मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, परवानगी घ्यावी लागते.

रस्त्यावर ट्रेलरची दोन दुखणी राहतात. एक वळणं. नाळेचं टोक टो-बॉलच्या फार जवळ आलं तर घाटातल्या तीव्र वळणात मोटरचा मागचा कोपरा होडीला लागतो. म्हणून टो-बॉलपासून पेटीपर्यंत दांडा १.८ मीटरचा ठेवावा, म्हणजे नाळ टो-बॉलच्या नव्वद सेंटिमीटर मागे राहते. दुसरं, मागे घेणं. आखूड ट्रेलर झटकन दुमडतो, लांब दांड्याचा सावकाश वळतो आणि चालवणाऱ्याला विचार करायला वेळ देतो. ट्रॅक्टरवाली पोरं दोन ट्रॉल्या मागे घेऊन दाखवतात. मोटारवाल्याने रिकाम्या मैदानात आधी सराव करावा.

आणि कागदपत्रं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’ आहे, त्याला इंजिन नसलं तरी. म्हणजे नोंदणी आली. ७५० किलोंपर्यंतचे ट्रेलर टी-१ या वर्गात मोडतात, त्यांच्या सुरक्षेचे निकष एआयएस-११३ मध्ये दिलेले आहेत. दिवे, परावर्तक, जोडणी, सुटल्यास धरून ठेवणारी साखळी, सगळं त्यात येतं. हे मानक छापणारी संस्था म्हणजे पुण्यात टेकडीवर बसलेली एआरएआय. पंजाबातल्या मंडी गोबिंदगडच्या लोखंडाचा आणि यमुनानगरच्या फळीचा ट्रेलर शेवटी पुण्यात छापलेल्या नियमाने मोजला जातो. गल्लीतला वेल्डर गाडी उत्तम करून देईल, पण तिला मंजूर नमुन्याचा कागद देऊ शकत नाही. म्हणून शहाणा मार्ग असा की मंजूर नमुन्याची साधी चौकट, आस आणि जोडणी एखाद्या अधिकृत उत्पादकाकडून नोंदणीसह घ्यावी आणि पेटी तिच्यावर सामानासारखी बोल्टने बसवावी, वेल्डने नव्हे. तरीही पेटी चढवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावं. पेटीमुळे मागचे दिवे किंवा नंबरपट्टी झाकली जाणार असेल तर दोन्ही पुन्हा बाहेर आणावी लागतात. मोटरच्या उत्पादकाने किती वजन ओढायला मुभा दिली आहे, हे तिच्या पुस्तिकेत पाहावं. काही छोट्या मोटारींच्या पुस्तिकांत ओढूच नका असं लिहिलेलं असतं, आणि मग सगळं गणित तिथेच थांबतं.

पहिल्या फेरीला पोंग गाठायचा हट्ट धरू नये. भरलेला ट्रेलर घेऊन बिलासपूरच्या वाटेवरच्या किरतपूरपर्यंत जावं, चहाच्या टपरीवर थांबावं आणि दोन्ही हबना हात लावून पाहावा. कोमट असतील तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलेलं आहे. चाकांचे नट पुन्हा पान्याने तपासावेत, नव्या चाकांचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये हमखास सैल होतात. पट्टेही एकदा ओढून घ्यावेत, कारण वाटेत ते ताणले जातात. हे सगळं करून परत फिरावं, आणि बिलासपूर पुढच्या शनिवारी.